वासे आमचे, भिंत तुमची

मी रानशेत सोडलं त्या सकाळी बाबा आमचं जुनं घर उतरवत होते. पाड्याच्या वरच्या अंगाला ते पुन्हा उभं करायचं होतं. नव्या जागी कोणता वासा कुठं बसेल ते चुकू नये म्हणून प्रत्येकावर कोयत्यानं खाचा पाडलेल्या. कुडाच्या भिंती मात्र तिथंच सोडायच्या. छपरावरूनच मला म्हणाले, "माती राहू दे, लाकूड उचल. जाशील तिथं हेच कर." साल २०१४. मी पिशवीतलं सामान पुन्हा पुन्हा तपासत होते; अर्धंच ऐकलं.

अंधेरीला एका रुग्णालयात सफाईचं काम मिळालं. पाळी पहाटेची, म्हणजे राहायला जवळच हवं. जवळ परवडली ती टेकडीवरच्या वस्तीतली गळकी पत्र्याची खोली. आमच्याच भागातल्या वेवजी गावची ज्योती माझ्याच पाळीला होती. दोघींनी मिळून ती घेतली.

आणि आमच्या माणसांनीच करावी अशी चूक केली. आपल्याकडे ज्यानं भिंत सारवली, त्याचंच घर. आम्ही गळती काढली, फरशी बसवली. बाबांनी घरातून उरलेले वासे माळ्याच्या मापानं नव्या खाचा पाडून मुंबईला चिकू नेणाऱ्या टेंपोतून पाठवले, त्यांचा माळा केला. खोलीला रूप आलं. खोलीचा मालक शेठ बघून खूश. "मस्त केली हो रूम! आता मोठ्या भाड्याची पार्टी मिळेल. महिनाअखेर खाली करा."

जवळ खोली नाही म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे परत गावी. रडायला वेळ नव्हता. वरच्या गल्लीत एक पडकी खोली होती; आधी ती भाड्यानं ठरवली, मग खिळे उपसायला पक्कड घेऊन माळ्यावर चढले.

शेठ धावत आला. "ए बाई, रूमला लावलं ते रूमचं!"

"मग शेठ, आम्हीपण रूमच्याच की," ज्योती खालून म्हणाली. "ठेवून घ्या ना, जुन्याच भाड्यात."

शेजारच्या बायका खो-खो हसल्या आणि न बोलावता येऊन त्यांनी वाशांची टोकं धरली. रानशेतलाही असंच; ठोकाठोक ऐकू आली की माणसं येतात. शेठला दारातून बाजूला व्हावं लागलं.

गावचे विचारतात, परत कधी येणार? माझ्यामागून आलेल्या पोरी विचारतात, टिकलीस कशी? दोघांनाही एकच सांगते. या शहराला आमच्या हातचे स्वच्छ वॉर्ड हवेत, पण आम्ही पाठ टेकायला जागा मागितली की शहर अचानक लहान होतं. होऊ दे. मी काम इथं करते, तर राहणारही इथंच.

आता २०१९. परवा तिसऱ्या खोलीत माळा चढवला. बाबांच्या खाचा बघत गेले, एकेक वासा बरोबर बसला. माझं घर म्हणाल तर ते एवढं आहे, आणि ते कुणाच्या भाडेपट्ट्यावर नाही.

या वेळी खिळ्यांऐवजी नटबोल्ट लावले, सोडवताना वासे फुटू नयेत म्हणून. नवे घरमालक बघत होते. म्हणाले, "म्हणजे आत्तापासूनच जायची तयारी?"

"नाही काका," मी बोल्ट आवळत म्हटलं, "राहायची."