हजर दिवसांची कावीळ

खुर्सीपारच्या क्वार्टरात कमलिनी ढोमणे अठरा वर्षं वाढली आणि त्या अठरा वर्षांत तिच्या हातून एकदाही वाटी ओट्यावर आपटली गेली नाही. यात संस्कारांचा भाग थोडा आणि ड्यूटीचा जास्त. वडील, कवडू ढोमणे, पोलादाच्या प्लांटच्या मिलमध्ये. एक आठवडा सकाळपाळी, एक दुपारपाळी, एक रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी जेवून झोपत आणि दोन खोल्यांच्या घरात बाकीची माणसं दुपारी तीनपर्यंत नसल्यासारखी राहत. कुकर आदल्या संध्याकाळीच लावून ठेवायचा. पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायचे. शिंक आली तर मागच्या अंगणात जायचं. "हळू! बाबा झोपले हायेत," हे कमलिनीच्या कानावर पडलेलं बहुधा पहिलं पूर्ण वाक्य.

पुढे कवडूजींचे कान गेले. मिलचा आवाज की वय, यावर दोन डॉक्टरांचं एकमत झालं नाही, पण कान काही त्यांच्या निर्णयासाठी थांबले नाहीत. कवडूजींना जनरल शिफ्टमध्ये, स्टोअरला बसवलं. आता ते रात्री झोपत, आणि उशाशी ढोल वाजवला असता तरी उठले नसते. निदान आता तरी घरातला आवाज वाढायला हरकत नव्हती. वाढला नाही. त्यांची बायको सुशीलाबाई ऐकू न येणाऱ्या नवऱ्याशीही हळूच बोलत. त्याला कळलं नाही की हाताने खूण करत, आणि गोष्ट खुणेत मावणारी नसेल तर सोडून देत. अशा सोडून दिलेल्या गोष्टी गेल्या पाच-सहा वर्षांत बऱ्याच झाल्या होत्या.

कमलिनीने दुर्ग शहराकडच्या एका हिंदी माध्यमाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. घरातून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. वर्गात एकशे अठरा मुलं, वर सहा पंखे, त्यातले तीन बोलके. केमिस्ट्रीच्या मॅडम मान खाली घालून नंबर घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "हाथ उठाने से नहीं होगा. आवाज़ आनी चाहिए."

आपला सत्तेचाळीस नंबर आला की कमलिनी उभी राही, "प्रेझेंट मॅम" म्हणे आणि बसे. मॅडम अठ्ठेचाळीस म्हणत. याचा अर्थ काम झालं, असं तिने धरलं. शाळेत चाळीस मुलं असत, बाई तोंडाकडे बघून खूण करत. आणि घरात तर इतकी शांतता, की ओठ हलले तरी पुरे. आपला आवाज चौथ्या बाकापुढे जात नाही, हे तिला ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. तिथपर्यंत तो पाठवायची वेळच कधी आली नव्हती.

बाकी तिने सगळं रीतसर केलं. एक दिवस चुकवला नाही. वहीत प्रत्येक पानावर तारीख घातली. डबा ती शेजारच्या बाकावरच्या ईरासोबत खाई. ईरा नेहरू नगरची, मराठीच. पण तिची मराठी आजीपुरती राखून ठेवलेली.

नोव्हेंबरच्या शेवटी नोटीस बोर्डावर यादी लागली. पंचाहत्तर टक्के हजेरी नाही त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. सत्तेचाळीस नंबरपुढे एकतीस टक्के. पाचही विषयांत कमी-अधिक तेवढेच. एकसष्ट नंबरचा मुलगा दसऱ्यापासून सुपेल्यात काकाच्या मोबाइलच्या दुकानात बसत होता; त्याचे ब्याऐंशी. मागच्या बाकावरचा एक दमदार गळा चौघांची हजेरी एकटा लावत असे.

"अरे यार, मेरे को बोलती ना," ईरा कळवळून म्हणाली. "मैं तेरा भी बोल देती."

"पण मी होती ना तिथं."

"तो क्या हुआ?"

कमलिनी स्टाफरूममध्ये गेली. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. "जो लिखा है वो लिखा है, बेटा."

"मॅम, मैं रोज आई हूँ."

"क्या?"

"रोज आई हूँ."

"ज़ोर से बोलो, क्या आई हो?"

तिसऱ्या वेळी तिला रडू आलं, आणि होता तोही आवाज गेला.

ऑफिसातले आनंदबाबू व्यवहारी माणूस. त्यांनी तिचं म्हणणं पुढे वाकून ऐकलं. असं ऐकणारे त्या कॉलेजात ते पहिलेच.

"देखो, आती थी, ये कोई नहीं मानेगा. बीमार थी, ये सब मानेंगे. नियम में बीमारी की छूट है, आने की कोई छूट नहीं है. क्या हुआ था तुमको?"

"कुछ नहीं."

"कुछ नहीं का सर्टिफिकेट नहीं बनता. पीलिया लिखवा लो. दो महीने आराम से निकल जाते हैं. पिताजी की साइन लाना."

गल्लीतल्या डॉक्टरने कावीळ लिहून दिली. ज्या तारखांना ती अंथरुणाला खिळली होती, त्या तारखांची पानं तिच्या वहीत होती, समीकरणांसकट. अर्ज तिने वळणदार अक्षरात लिहिला. सुदैवाने सोबत वह्या जोडायच्या नव्हत्या.

संध्याकाळी तिने कागद कवडूजींपुढे ठेवला. कान गेल्यापासून ते प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुले कावीळ झालती?" ते म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे. त्या घरात मोठ्याने बोलणारे ते एकटेच. "अन् मले कोणी सांगतलं नाही?"

सुशीलाबाईंनी हात हलवून नाही-नाही केलं. कवडूजींनी त्याचा अर्थ काळजी नका करू असा लावला.

"कावून लपवलं? मले आयकू येत नाही म्हणून काय दिसतही नाही काय? दोन महिने पोरगी पडून राहिली अन् मी इथंच जेवून राहिलो!"

"बाबा, झाली नव्हती," कमलिनी म्हणाली.

"काय?"

ओरडून सांगायचं तर भिंतीपलीकडच्या क्वार्टरांनाही अर्जाची हकीकत कळणार. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: कावीळ नव्हती. हजेरी कमी पडली म्हणून तसं लिहिलं.

कवडूजींनी ते दोनदा वाचलं. मग या वेळी कसे कोण जाणे, पण हळू बोलले.

"मंग तू कॉलेजात जात नव्हती? कुठं जात होती मग?"

सुशीलाबाई चुलीकडे वळल्या. कमलिनीच्या हातात पेन होतं. मी रोज जात होते, हे लिहिता आलं असतं. त्यावर ते विचारणार, मग हजेरी कावून नाही लागली? त्यावर लिहायचं, माझा आवाज पोचला नाही. कावून नाही पोचला? याच्यापुढची ओळ तिला ठाऊक होती, आणि ती वाचताना त्यांचं तोंड कसं होईल तेही. तिने पेन उचललं, लिहिलेलं खोडलं आणि मान हलवली. हो. कावीळच झाली होती.

कवडूजींनी मोठा श्वास सोडला आणि सही केली. पोरगी आजारी होती, एवढंच निघालं, याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

कॉलेजने ती बरी झाल्याचं मान्य करून तिला परीक्षेला बसू दिलं. कवडूजींनी मान्य केलं नाही. दुसऱ्या दिवशी ते ड्यूटीवरून मुळ्याच्या पाल्याची जुडी घेऊन आले, त्याचा रस काढवला आणि ती ग्लास रिकामा करेपर्यंत समोर बसून राहिले. घरात हळद बंद, तेल बंद. उकडलेलं जेवण तिघांनाही, कारण एकीसाठी वेगळं करणं सुशीलाबाईंना जमत नव्हतं आणि खरं सांगणंही. पाचही पेपर कमलिनीने बिनफोडणीच्या वरणावर दिले.

प्रत्येक पेपरच्या सकाळी ते तिला दारात, उजेडात उभी करत. कापल्याच्या खुणा असलेल्या अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढत आणि बराच वेळ बघत.

"कमी झाली," ते मोठ्याने म्हणत. "पण हाय अजून. मले दिसते."

कमलिनी डोळे न मिटता उभी राही. त्यांचं बघून होईपर्यंत.