गाळलेलं पाणी

माझ्या धाकट्या जावेला सगळी गल्ली बाटलीबाई म्हणते. नवा माणूस ऐकून दचकतो. पण तिच्या बाटल्या पाण्याच्या.

आमच्या घरांमागे खाऱ्या गवताची दलदल आहे आणि पलीकडे खाडी. मधे एकच ओहोळ. भरतीला खाडीचं पाणी त्यातून आत शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं. दिवसाच्या भरतीला आणि ओहोटीला ओहोळाच्या तोंडाशी फळीवर उभं राहून एकेक बाटली भरायची, चिठ्ठी डकवायची आणि प्रयोगशाळेतल्या मॅडमकडे पोचवायची, हे तिचं काम. दीड वर्षात खाडा नाही.

मॅडमना बघायचं होतं, दलदल खाडीकडून काय घेते आणि खाडीला काय देते. कारण ओहोळाच्या तोंडावर बांध घालून दलदल बुजवायची आणि गोदामं उठवायची, असं वरच्या ऑफिसात घाटत होतं. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, खाडीत जाळं टाकतो. तो म्हणायचा, "वहिनी, ते गवत कुजतं, त्याचा चुरा खाडीत येतो. चुरा किडे खातात, किडे मासे खातात. दलदलीचं उष्टं आहे म्हणून आपलं ताट आहे."

मॅडमनी सगळ्यांना बोलावून कागद वाचला तेव्हा त्यांचाच आवाज पडला होता. "भरतीबरोबर पुष्कळ आत जातं. ओहोटीबरोबर बाहेर जवळजवळ काहीच येत नाही. ही दलदल नुसती घेते."

"तुमच्या बाटलीला दिसत नसेल मॅडम, माझ्या जाळ्याला दिसतं!" दीर म्हणाला. लोक हसले. पण आठवड्याभरात ओहोळाच्या तोंडाशी बांधाचे दगड येऊन पडायला लागले.

पहिले दगड पडले त्या संध्याकाळी जाऊ माझ्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून बसली.

"जाऊबाई, ओहोटीचं पाणी मी गाळून भरत होते."

"गाळून? कशाला गं?"

"आत जाणारं पाणी बरं दिसायचं, ते तसंच भरायचे. बाहेर येणारं काळपट, त्यात कुजकी पानं, भुगा. असलं पाणी एवढ्या शिकलेल्या बाईच्या हातात कसं द्यायचं? म्हणून मग चार पदरी फडक्यातून..."

फडकं माझं होतं. पहिल्याच आठवड्यात मी ते दिलं होतं आणि वर शिकवलं होतं, आपल्या हातून जाणारी वस्तू नीटनेटकी जावी. मी चौथीत शाळा सोडली, पण सल्ले द्यायला कुठे पास व्हावं लागतं!

"आणि फडक्यातला गाळ?"

"टोमॅटोच्या कुंडीत झटकायचे."

तिचे टोमॅटो गल्लीत सगळ्यांपेक्षा मोठे. आम्ही म्हणायचो, हाताला गुण आहे. गुण त्या गाळाचा होता.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"जाळ्यात गुंडाळून बुडवतील मला. मॅडमना सांगितलं तर काम जाईल. आणि सगळी खाडी म्हणेल, हिनेच आमच्या पोटावर पाय दिला."

"नाही सांगितलंस तर दगड थांबायचे नाहीत." मी म्हणाले.

सकाळी दोघी मॅडमकडे गेलो. जावेने सगळं सांगितलं. मॅडमनी फडकं मागून घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं. "मी दीड वर्षात एकदा तरी तुमच्या फळीवर येऊन उभं राहायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. मग जावेने सांगितलेलं लिहून काढलं. खाली तिने एकेक अक्षर दाबून सही केली.

तो कागद त्याच लोकांसमोर वाचला गेला. या वेळी कोणी हसलं नाही. मागून एकजण ओरडला, "आता आमची चूलही गाळून टाक!" दिराने मान वर केली नाही.

पुढचे चार दिवस तो माझ्याकडे जेवला. चौथ्या दिवशी भात वाढता वाढता मी सांगून टाकलं, "भाऊजी, फडकं माझं होतं."

त्याचा घास हातातच राहिला. "दोघींनी मिळून एक तरी अक्कल ठेवायची होतीत!" म्हणाला, आणि जेवून स्वतःच्या घरी गेला.

वरच्या ऑफिसने दगड थांबवले. पाणी पुन्हा मोजा म्हणाले. पण तोवर अर्धं तोंड बुजलं होतं. बाटल्या आता दुसरी बाई भरते, ढवळून, भुग्यासकट. परवा मॅडम फळीवरून मला म्हणाल्या, "ताई, अर्ध्या तोंडाचं पाणी मोजून पूर्वी किती वाहत होतं ते मी कसं सांगू?" दगड उचलल्याशिवाय खरं कळायचं नाही, आणि खरं कळल्याशिवाय ऑफिस दगड उचलायचं नाही.

मासा कमी झालाय. दगडांमुळे की दुसऱ्या कशामुळे, ते मला सांगता येणार नाही. दीर जाळं घेऊन आता पार समुद्राकडे जातो. जाऊ काठावर थांबते. होडी लागली की ती टोपलीत बघत नाही, आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते.