उघडी परात

रघुमामांना कुठेही मोठी ज्योत दिसली की त्यांचा हात आपोआप तिच्याकडे जायचा. आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. आम्ही बर्नर पेटवून परीक्षानळी धरून उभे असायचो आणि पाठीमागून एक सावळा, पाकाच्या चटक्यांचे डाग पडलेला हात पुढे यायचा, गॅसची चावी जराशी फिरवायचा आणि निघून जायचा. मुरबाडच्या एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याचा स्टोव्हही ते येता-जाता असाच कमी करायचे. चहावाला वैतागून म्हणायचा, "मामा, अशानं चहा संध्याकाळला होईल." मामा म्हणायचे, "होऊ दे. तुज्या चहाची वाट बघनारा मानूस घाईत नसतो, घाईतला मानूस पानी पिऊन जातो."

मी धसईच्या पलीकडच्या एका आदिवासी वाडीवरून यायचे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. चूल फुंकून मोठी कशी करायची ते मला लहानपणापासून येत होतं. चावी फिरवून जाळ लहान करता येतो हे मी प्रयोगशाळेत पाहिलं. काचेच्या प्रत्येक वस्तूची मला भीती वाटायची. सगळ्यांत जास्त टायट्रेशनची. ब्युरेट नावाच्या उंच नळीतून खालच्या चंबूत थेंबथेंब द्रव सोडायचा आणि शेवटच्या एका थेंबानं पाण्याला फिकी गुलाबी छटा आली की थांबायचं, एवढंच ते काम. पण माझ्या हातून चावी जास्त उघडायची आणि चंबू जास्वंदीसारखा लाल व्हायचा. चार वेळा तसंच झाल्यावर सर म्हणाले, परीक्षेत असं केलंस तर अवघड आहे. मी बेसिनपाशी जाऊन चंबू विसळत रडत होते. मामा आले, नळ अर्धा बंद केला आणि म्हणाले, "पानी तरी कशाला एवडं सोडतेस गो बाय?"

मग म्हणाले, "रविवारी घरी ये. थेंब सोडायला शिकवतो. फुकट नाय हां, काम करायला लागंल."

मी भीतभीतच गेले. गावाच्या टोकाला त्यांचं कौलारू घर होतं. पडवीत तेलाच्या मोठ्या डब्याची शेगडी मांडली होती. सॉ मिलमधून आणलेला लाकडाचा भुसा त्यात ठासून भरलेला होता. भरताना मधोमध एक बाटली उभी ठेवायची आणि खालच्या भोकातून एक दांडका आत सारायचा. भुसा घट्ट बसला की दोन्ही अलगद काढून घ्यायचे, म्हणजे जाळाला वाट तयार होते. पेटवल्यावर थोडा वेळ ती भडकते, धूर करते. मग शांत होऊन सहा-सात तास नुसती धुमसत राहते, कमी नाही, जास्त नाही. "ही शेगडी म्हंजे आपल्या सरांसारखी," मामा म्हणाले. "सकाळी तापतात, मग दिवसभर एकाच सुरात."

त्या शेगडीवर पितळेची परात होती आणि परातीत मूठभर तीळ. मामा संक्रांतीचा हलवा करायचे. आम्ही वाडीवर तीळगूळ खायचो, पण हलव्याचे दागिने मी कधी पाहिले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरचे लोक नव्या सुनेला काळी साडी नेसवतात आणि साखरेच्या पांढऱ्या, काटेरी दाण्यांचे दागिने घालतात: हार, बांगड्या, बाजूबंद, कपाळावरची बिंदी. मुरबाडच्या बाजारपेठेतल्या किती तरी सुनांचे दागिने मामांच्या पडवीतून गेले होते.

"कठीन काय नाय," मामा म्हणाले. "अर्धी पळी पाक सोडायचा, बोटांच्या टोकांनी तीळ फिरवायचे, सुकले की परत अर्धी पळी. चार दिवस हेच. एवडं सोपं काम कुनाला जमत नाय, कारन सोपं काम करताना मानूस उठून जातो."

खरोखर तेवढंच होतं. पाक जास्त पडला की तिळांचा गोळा होतो. आच वाढली की साखर पिवळी पडते. बोटं जोरात फिरली की आलेला काटा झडून जातो. पहिल्या रविवारी मी तीन गोळे केले. मामांनी ते मला कागदात बांधून दिले आणि म्हणाले, "घरी दे. सांग, कॉलेजात लाडू वळायला शिकवतात." तिसऱ्या रविवारी माझ्या हातचे तीळ सुटे राहिले. त्या आठवड्यात माझा चंबू पहिल्यांदा फिका गुलाबी झाला. मी मागे वळून पाहिलं. मामा कपाटातल्या बाटल्या पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त फडकं खांद्यावर टाकून मान हलवली.

ही कला मुळात मामींची. त्या कल्याणच्या, माहेरी आईकडून शिकून आलेल्या. पुढे संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली आणि पळी धरवेना, तेव्हा मामा परातीपुढे बसले. बाप्या माणूस नव्या सुनांचे दागिने करतो म्हणून आळीत हसायचे. मामा म्हणायचे, "सोनार काय बाईमानूस असतो काय रे?" पण मामींपुढे त्यांचं काही चालत नसे. मामी आतून येऊन परातीत एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "याला काटा म्हनत नाय. तिळाच्या अंगावर शहारा आलाय नुसता." मामा निमूटपणे पळी बुडवायचे. मला तो हलवा सुंदरच दिसायचा. काटा आणि शहारा यांतला फरक कळायला मला अजून वेळ होता.

त्या वर्षी जानेवारी लागल्यावर मामांनी बाहेरची कामं घेणं थांबवलं. एक नवीन परात त्यांनी चिंच लावून घासली आणि म्हणाले, "आता घरचं." त्यांचा मुलगा दिलीप आसनगावला एका कारखान्यात होता. तिथेच काम करणाऱ्या हिराशी त्यानं गणपतीनंतर शहापूरला नोंदणी करून लग्न केलं होतं. हिरा खर्डीच्या आतल्या एका वाडीवरची, आमच्यासारख्याच लोकांतली. मामी लग्नाला गेल्या नाहीत. चार महिने झाले तरी सुनेनं या घराचा उंबरा पाहिला नव्हता. मामांनी ठरवलं होतं, संक्रांतीला दागिने घेऊन आपणच आसनगावला जायचं. "मुरबाडभरच्या सुनांना घातले," ते म्हणाले, "आनि माजी सून उघड्या गळ्यानं बसनार? लोक बोलतील ते बोलतील. माजं मलाच बोलल्यासारखं होईल."

मामी म्हणाल्या होत्या, "तुमाला करायचं ते करा. मी हात लावनार नाय."

संक्रांत बुधवारी होती. आदल्या रविवारी मी पोहोचले तेव्हा गुरुवारपासूनचा हलवा तुरीच्या डाळीएवढा झाला होता. भुसा संपत आला म्हणून मामा सायकल घेऊन सॉ मिलकडे गेले. जाताना म्हणाले, "तू हायस म्हनून जातो." मी बसले होते. इतक्यात आतून मामींची हाक आली, नळाला पाणी आलं होतं आणि त्यांना हंडा उचलवत नव्हता. मी उठले. उठताना शेजारची झाकणी परातीवर ठेवली. आमच्या घरी मंद आचेवर भात ठेवून बाई पाण्याला गेली की झाकण ठेवूनच जाते. राख पडू नये, कावळ्यानं तोंड घालू नये म्हणून. मी विचार केला नाही. हातच तसा गेला.

दोन हंडे भरून झाले. मामींनी मला गुळाचा खडा दिला, जवळ बसवलं, वेणी नीट बांध म्हणाल्या. त्या माझ्याशी नेहमी चांगल्याच वागायच्या. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "मामी, हिरा पण माझ्यासारखीच असेल."

त्यांनी गुळाचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "तू गुनाची हायस गो. पन घरात शिकायला येनं वेगळं नि सून म्हनून येनं वेगळं."

गुळाचा खडा तोंडात तसाच राहिला. मी तिसरा हंडाही भरला, नको असताना.

पडवीत येऊन झाकणी उचलली तर तिच्या आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. वाफेचे थेंब पडून पडून सगळा काटा विरघळला होता. चार दिवसांचं काम परातीत ओल्या, राखाडी गोळ्यासारखं बसलं होतं. मी तिथेच उभी होते. मामा सायकलवरून उतरले, पोतं खाली ठेवलं आणि परातीकडे पाहिलं.

"झाकलंस काय गो?"

मी मान हलवली.

"भाताला झाकतात बाय. भात आपला आपन शिजतो. याच्याकडं कुनीतरी बघत बसायला लागतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण ते खाली बसले ते एकदम म्हातारे झाल्यासारखे बसले. दारात मामी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तिला मी बोलावलं पान्याला." एवढंच बोलून आत गेल्या.

मामांनी परात धुतली आणि नवे तीळ घेतले. संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो, पण तीन दिवसांत होण्यासारखं ते नव्हतंच. सोमवार-मंगळवार बारावीच्या प्रात्यक्षिकांची तयारी होती, मामांना रजा मिळणार नव्हती. सोमवारी कॉलेजात मी त्यांना विचारलं, "आता?" ते म्हणाले, "शेगडी भरून ठेवलीय. पाक करून ठेवलाय. परात पुसून वर ठेवलीय." मग ब्युरेटा धुवायला लागले. त्या दिवशी त्यांनी कुणाचाच बर्नर कमी केला नाही. मुलांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

कॉलेज सुटल्यावर मी त्यांच्यामागोमाग गेले. फाटकातूनच भुशाचा वास आला. पडवीत मामी परातीपुढे बसल्या होत्या. पळी मनगटाला चिंधीनं बांधली होती आणि दुसऱ्या हाताची वाकडी बोटं गरम तिळांतून हळूहळू फिरत होती. आम्हाला पाहून त्यांनी हात काढला नाही.

"बोटं आखडली होती थंडीनं," त्या म्हणाल्या. "शेकत होते."

"शेक की," मामा म्हणाले. "मी काय बोललो?"

मी वाकून पाहिलं, आणि तेव्हा मला मामींचं जुनं बोलणं कळलं. एकेका तिळाला चहूबाजूंनी बारीक टोकं आली होती, सरळ आणि टणक. पारिजातकाच्या कळ्यांसारखी. मामींची बोटं वाकत नसल्यामुळे तिळांवर जोर पडतच नव्हता. ती नुसती सरकत होती. रात्रीही त्या परातीपुढून उठल्या नाहीत, आणि मंगळवारी दुपारपर्यंत हलवा पुरेसा मोठा झाला. मी कॉलेज बुडवून पुठ्ठे कापले आणि पांढऱ्या दोऱ्यात एकेक दाणा गाठीनं बांधत गेले.

संध्याकाळी मामांनी हार उचलून उजेडाकडे धरला. बराच वेळ धरून ठेवला. "हा माज्या हातचा काटा नाय," ते म्हणाले.

"नायच," मामी म्हणाल्या. "आनि हा एसटीत घेऊन जाल तर शहापूरपर्यंत निम्मा झडंल. आसनगावला पोचेल काय? नुसता दोरा."

"मग?"

"मग काय, मला इचारता? जिला घालायचाय तिला बोलवा इकडं."

मामा चप्पल न घालताच एसटीडी बूथवर फोन करायला गेले.

बुधवारी सकाळी हिरा आणि दिलीप आले. हिरा उंबऱ्याबाहेर उभी राहून पदराचं टोक पिळत होती. तशी मीही पहिल्या रविवारी त्याच जागी उभी होते. मामी म्हणाल्या, "आत ये. उनात हलवा वितळतो, मानूस नाय वितळत. पन तरी ये." हिरा हसली आणि आत आली. मामींनी तिला पाटावर बसवलं, बांगड्या सरकवल्या, हार गळ्याशी धरला. मागची गाठ त्यांच्या बोटांना मारता येईना. दोनदा दोरा सुटला. मग त्यांनी मला बोलावलं. "ये गो, ती गाठ तू मार. घरातलीच हायस."

मी गाठ मारली. ती नीट बसली की नाही हे मला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसत नव्हतं, म्हणून आणखी एक मारली.

मामींनी ओवाळायला निरांजन लावलं. वात जाड झाली होती, ज्योत चांगलीच उंच गेली आणि काजळी धरू लागली. मी मामांकडे पाहिलं. ते दाराला टेकून उभे होते. त्यांनी ती ज्योत पाहिली, हिराच्या गळ्यात चमकणारे काटे पाहिले आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

मी आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात मामा गेले. थोडे दिवस ताप आला तेवढंच निमित्त झालं. या संक्रांतीच्या आधी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा पडवीत हिरा परातीपुढे बसली होती आणि शेजारी मामी शाल गुंडाळून, कान देऊन बसल्या होत्या. दाणे फिरताना कसे वाजतात त्यावरून त्यांना काटा कळतो. मधूनच त्या हिराला म्हणत, "हळू गो, वाळूत खेळतेस काय?" मध्ये दिलीपचा लहान मुलगा रांगत होता, आणि या वेळचा हलवा त्याच्या बोरन्हाणासाठी होता.

हिरा मुलाला घ्यायला उठली. परातीपुढे मी बसले. राख उडत होती, म्हणून सहज विचारलं, "झाकणी कुठं ठेवलीय?"

हिरानं वर माळ्याकडे बोट दाखवलं. घरातल्या सगळ्या झाकण्या एका पोत्यात बांधून तिथे ठेवल्या होत्या.

"मामांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "तुमी येनार असलात की सगळ्या वर टाकायच्या."

मामी हसायला लागल्या. मी पळी बुडवली आणि अर्धाच पाक सोडला.