त्यांनी दोर सोडला

गेल्या महिन्यात एका रविवारी बाबांना ताज्या बांगड्यांची हुक्की आली. बाजारातले नकोत, थेट रापणीवरचेच हवेत... मग काय, वालावलहून सकाळीच गाडी काढली.

मालवणच्या अलीकडे एका किनाऱ्यावर रापण चालू होती. समुद्रात टाकलेल्या लांबलचक जाळ्याचे दोन दोर दोन बाजूंनी बायका-पुरुष ओढत होते.

"गाडी वायच फुडे घे रे, माका चलूक जमाचा नाय," बाबा म्हणाले. आणि मी शहाणा, घेतली! चाकं वाळूत रुतली.

बाबा माझ्यावर हसायला लागले... आणि हसता हसता थांबले. हात छातीवर गेला, शर्ट घामाने भिजला. काही बोलताच येईना त्यांना.

ॲक्सिलरेटर दाबला तर चाकं आणखी खोल. फोनला रेंज नाही. भरतीचं पाणी वर सरकत होतं.

मदत करू शकणारे फक्त रापणवाले. पण जाळं अर्ध्यावर आलेलं... दोर ढिला पडला की मासळी निसटते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

तरी धावत गेलो. "माझे बाबा..." एवढंच तोंडातून निघालं. गाडीकडे हात केला.

रापणीचे म्होरके होते, एक वयस्कर काका. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग जाळ्याकडे पाहिलं.

"सोडा रे दोर! सगळे हयसर येवा!"

दोन्ही दोर वाळूत पडले. सगळ्यांनी मिळून गाडी अक्षरशः उचलली आणि रस्त्यावर नेऊन ठेवली. एक काकी तर कुणी न सांगताच मागे बसली, बाबांना धरून.

मी जाळ्याबद्दल काहीतरी पुटपुटलो. काका खेकसलेच, "मासे उद्याय गावतले. बापूस खंय गावतलो? चल, नीघ!"

हॉस्पिटलमध्ये वेळेत पोचलो. आणखी उशीर झाला असता तर... कठीण होतं, डॉक्टर म्हणाले. बाबा आता घरी आहेत आणि पथ्याच्या जेवणावर कुरकुरताहेत, म्हणजे बरे आहेत.

काल पेढे घेऊन त्याच किनाऱ्यावर गेलो. काकांनी बाबांची चौकशी केली, पेढा तोंडात टाकला आणि माझ्या हातात दोर दिला. "धर. दोर धरलंस काय वाटो गावता." दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, ही रापणीची रीत.

ओढला. तळहात सोलवटले, खांदे भरून आले. जाळं जवळ आलं, आत बांगडे उसळताना दिसले... तेव्हा कुणी 'सोड' म्हटलं असतं ना, तर माझ्याने तो सोडवला नसता.

असा दोर त्या सगळ्यांनी सोडला होता. माझ्या बाबांसाठी... ज्यांचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.