वडावरचं पावणं

राजुरीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करणारा माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. कुणी देवाचं नाव काढलं की तो तंबाखू थुंकायला उठतो. थंडीत मात्र त्याच्या दुकानामागच्या वडावर हळद्या हा पिवळाधमक पक्षी येतो, आणि त्याच्यापुढे ह्याला गिऱ्हाईकही दिसत नाही.

"उत्तरेकडनं येतंय, उन्हाळ्यात परत जातंय. वडाची फळं खातंय, सुरवंट खातंय, पण जमिनीवर पाय ठेवत न्हाई. लई मिजास, राव!"

गेल्या वर्षी शेजारच्या लग्नाच्या लॉन्सवाल्यानं पार्किंगसाठी तो वड पाडायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी ह्यानं बुंध्याशी एक धोंडा ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. सकाळी झाड तोडायला आलेले लोक हात जोडून परत गेले.

"तुम्ही तर देव मानत नाही," मी म्हटलं.

"मी कुठं मानतोय? मानायचं काम त्यांचं."

लोकांनी ते काम फारच मनावर घेतलं. नारळ फुटू लागले. मग फांदीवर आरतीचा भोंगा चढला आणि हळद्या दिसेनासा झाला. ह्याचं जेवणावरून मन उडालं. एका दुपारी तो माझ्यादेखत शिडी लावून चढला आणि भोंग्याची कॉइल तोडून खाली आला.

मंडळींनी भोंगा दुरुस्तीला त्याच्याकडेच आणला.

"कवा मिळंल, भाऊ?"

"उन्हाळा उजाडंल," तो गंभीरपणे म्हणाला. "देवालाबी इसावा पायजे."

चार-पाच दिवसांनी वडातून शीळ आली. तो हातातली मोटार तशीच टाकून बाहेर धावला.

"आलास का, भाड्या?" तो म्हणाला, आणि त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.