गालिच्यावरचा मालक

टाल्लिन शहरात नोकरीला असताना शेजारचे मार्टआजोबा मला त्यांच्या आइस हॉकी क्लबच्या समारंभाला घेऊन गेले. क्लब नुकताच एका नव्या मालकाने घेतला होता. त्याने नाव बदललं आणि जुन्या संघांचे फोटो उतरवून भिंत रंगवून टाकली. त्याला बर्फावर धड उभंही राहता येत नव्हतं, म्हणून मैदानातल्या बर्फावर खास गालिचा अंथरला होता. त्यावर उभा राहून तो म्हणाला, "आपल्या क्लबचा इतिहास आजपासून सुरू होतो."

काही माणसांना आपल्याआधी कुणी जगून गेलं, हाच अपमान वाटतो.

मार्टआजोबा या क्लबचे पहिले गोलकीपर. त्यांनी उठून शांतपणे विचारलं, "मग माझे पुढचे दात कुठल्या क्लबसाठी पडले?"

मालक कॅमेऱ्याकडे बघून हसत राहिला. त्याचे सगळे दात शाबूत होते.