करिअरची सुरुवात

मंगळवारी सकाळी आमची सई ऑफिसला निघाली आणि वाटेत अपघातात गेली. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

काल तिच्या कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. नव्या पदवीधरांना चांगलं घडवल्याबद्दल कंपनीला पुरस्कार मिळाला आहे, आणि समारंभात पडद्यावर सईच्या बॅचचा फोटो दाखवायचा आहे. "काका, तुम्ही नको म्हणालात तर दुसरा लावू. पण यात ती इतकी छान हसतेय हो."

पुरस्काराचं नाव 'करिअरची उत्तम सुरुवात'. ते शब्द मी मनात घोळवत राहिलो. इतरांच्या सुरुवातीनंतर कंटाळा येतो, बढती येते, कधीतरी निवृत्तीही येते. सईच्या वाट्याला नुसती सुरुवात आली. टाळ्या त्या सुरुवातीलाच पडणार.

मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात हिने माझ्या हातातून फोन घेतला. "लाव गं बाई. तिथल्या लोकांना तरी वाटू दे, ती अजून कामाला जातेय."

आता घरात आम्ही दोघं आहोत. सकाळी कुणाला उठवायचं नसतं.